उभा छेद, आडवा छेद : एका घरगुती संज्ञेची परीक्षा

मराठी परिभाषेच्या चर्चेत एक गृहीत वर्षानुवर्षे चालत आले आहे. घरातला शब्द ढोबळ आणि संस्कृतातून घडवलेला शब्द नेमका, असे ते गृहीत. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९७३ साली विश्वकोशाचा ‘परिभाषा संग्रह’ प्रसिद्ध झाला, आणि मराठीत शास्त्र लिहिणाऱ्यांची मोठी सोय झाली. त्या कामाचे मोल कमी नाही. पण हे गृहीत मात्र एकेका शब्दापाशी थांबून तपासायला हवे. त्यासाठी येथे एकच लहान संज्ञा घेतली आहे.

फळाच्या किंवा खोडाच्या आकृतीखाली कधी ‘उभा छेद’ असे लिहिलेले असते, तर कधी ‘अनुदैर्घ्य छेद’. दोन्ही एकाच अर्थाचे, फक्त दुसरा अधिक शास्त्रीय, असे समजले जाते. माझ्या मते हे दोन शब्द एका अर्थाचे नाहीत, आणि वाढणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत ‘उभा’ हाच अधिक काटेकोर आहे.

दैर्घ्य म्हणजे लांबी. अनुदैर्घ्य म्हणजे लांबीला धरून. भेंडी, गाजर, काकडी यांना हा शब्द चालतो, कारण त्यांची लांबी डोळ्यांना दिसते. आता चपटा कांदा घ्या. मुळापासून शेंड्यापर्यंतचे त्याचे अंतर कमी आणि मधला घेर मोठा. लांबीला धरून कापायचे म्हटले, तर सुरी नेमकी आडवी जाईल. लाल भोपळ्याचे, टोमॅटोचे तेच. पण ‘कांदा उभा चिर’ म्हटल्यावर पार्ल्याच्या कुठल्याही घरात कोणी मोजपट्टी शोधत नाही. मूळ आणि शेंडा दोन्हींतून पाते गेले पाहिजे, हे सांगावे लागत नाही. शेजारच्या गुजराती घरातही ‘ऊभुं’ आणि ‘आडुं’ हीच जोडी काम करते.

येथे आक्षेप येईल की ‘उभा’ हा शब्द वस्तू कशी ठेवली आहे यावर अवलंबून आहे, मग तो संज्ञा कसा होईल? वापर पाहिला तर हा आक्षेप टिकत नाही. विळीचे पाते नेहमी उभेच असते. कांदा त्यावर कसाही धरला तरी कापाचे नाव पात्यावरून पडत नाही, कांद्यावरून पडते. आले जमिनीखाली आडवे पसरते, तरी त्याच्या रेषांच्या दिशेने केलेल्या कापांना आपण उभे काप म्हणतो. बोंबील जन्मभर पाण्यात आडवाच असतो, पण मधला काटा काढण्यासाठी तो डोक्याकडून शेपटीकडे उभा चिरतात. मागावर ताण्याचे धागे जमिनीला समांतर असतात, तरी विणकर त्यांना उभे धागे म्हणतो, कारण कापड त्या दिशेने वाढत जाते. म्हणजे ‘उभा’चा अर्थ ‘जमिनीशी काटकोनात’ असा नाही. मुळाकडून शेंड्याकडे, डोक्याकडून शेपटीकडे, म्हणजेच वाढीच्या अक्षाला धरून, असा तो आहे. एवढी एकच व्याख्या या सगळ्या उदाहरणांना पुरते.

शरीररचनाशास्त्राची पद्धतही याहून निराळी नाही. रुग्ण टेबलावर आडवा असला तरी पोटाच्या मध्यरेषेवरच्या छेदाला उभा छेदच म्हणतात, कारण त्या शास्त्रात शरीराचे वर्णन ते ताठ उभे आहे असे मानूनच करण्याचा जगभर संकेत आहे. पृथ्वीगोलाचेही तेच. ध्रुवांमधला व्यास विषुववृत्तावरच्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने कमी, म्हणजे गोल किंचित चपटा, कांद्यासारखाच. तरी ध्रुवाकडून ध्रुवाकडे जाणाऱ्या रेषांना शाळेत उभ्या रेषा म्हणतात, आणि मुलांचा गोंधळ होत नाही.

हा भेद नुसत्या नावाचा नाही, त्यावर काम अवलंबून असते. कांद्याच्या शिरा मुळाकडून शेंड्याकडे जातात. उभा चिरलेला कांदा शिजतानाही आकार धरून राहतो, आडवा कापला तर त्याच्या कड्या सुटतात. भरल्या वांग्याला देठ राखून उभ्या चिरा देतात, म्हणून मसाला भरल्यावरही वांगे एकसंध राहते. सुतार ओंडका चिरतो तेव्हा लाकडाच्या रेषेने जातो आणि फळी मजबूत निघते. रेषेवर आडवा काप घ्यायचा तर करवतीचे दातेही निराळ्या धाटणीचे लागतात. चीर, काप, चकती, फाक, फोड हे शब्दही असेच वाटून घेतलेले आहेत. चिरेने वस्तू उघडते पण तुटत नाही, कापाने तुकडा वेगळा होतो, चकती आडव्या कापाचीच असते.

‘उभा’ची मर्यादाही सांगितली पाहिजे. रस्ता, कालवा, धरणाची भिंत यांना मूळ-शेंडा नाही. रस्त्याचा लांबीच्या दिशेने घेतलेला छेद आणि रुंदीच्या दिशेने घेतलेला छेद, दोन्ही जमिनीत सरळ खालीच उतरतात. तेथे ‘उभा छेद’ म्हटले तर अभियंत्याला काहीच कळणार नाही. ती जागा ‘अनुदैर्घ्य’ची, किंवा सरळ ‘लांबीच्या छेदा’ची. तेव्हा एक शब्द काढून दुसरा बसवा अशी ही मागणी नाही. वाढणाऱ्या वस्तूला ‘उभा’, आखून बांधलेल्या वस्तूला ‘अनुदैर्घ्य’, अशी वाटणी केली तर दोन्ही शब्द सार्थ होतात.

राहिला कुळाचा प्रश्न. ‘उभा’ हा संस्कृत ‘ऊर्ध्व’पासून प्राकृत ‘उब्भ’मार्गे मराठीत आला. म्हणजे तोही त्याच घराण्यातला, फक्त लोकांच्या तोंडी झिजून गुळगुळीत झालेला. मराठी माध्यमातले मूल हा शब्द अर्थासकट घेऊन वर्गात येते. त्याला ‘अनुदैर्घ्य’ पाठ करायला लावले, तर त्याची लांबीची समजूत पक्की होते आणि अक्षाची समजूत, जी त्याच्याजवळ आधीच होती, ती सुटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद रास्तच आहे. पण भाषा ज्ञानाची व्हायची तर नवे शब्द घडवण्याआधी विळीपाशी, मागापाशी आणि करवतीपाशी घडून बसलेल्या शब्दांची अशी परीक्षा घेतली पाहिजे. त्यात जे उतरतील, त्यांना कोशात पहिल्या ओळीची जागा द्यायला हरकत नसावी.