गळ्यातला सर्कशीचा घोडा

रवींद्रनाथ ठाकूर ब्रायटनला शिकत असताना एकदा एका नामांकित गायिकेची मैफल ऐकायला गेले. मादाम निल्सन असावी, नाहीतर मादाम अल्बानी, नक्की आठवत नाही, असं ते ‘जीवनस्मृति’त सांगतात. क्रिस्टिना निल्सन स्वीडनची, एमा अल्बानी कॅनडाची. दोघींचा युरोपभर दबदबा. तरी यांतली कोण, हे ताडून पाहण्याची तसदी लेखकाने घेतलेली नाही. या विस्मरणात थोडी ऐट आहे, असा मला संशय आहे. नावाने भारावून जायला मी गेलोच नव्हतो, असं ते सुचवतं.

सप्टेंबर १८७८मध्ये ते मुंबईहून बोटीत चढले तेव्हा सतरा वर्षांचे होते. त्याआधी काही आठवडे मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहून इंग्रजी बोलणं आणि विलायती रीतभात घोटून घेतली होती. पुढे ब्रायटनची शाळा, मग लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज, आणि १८८०मध्ये पदवीविना परत. मैफलीची हकिकत मात्र कागदावर उतरली ती पन्नाशीत. ‘जीवनस्मृति’ पुस्तकरूपाने आलं १९१२मध्ये. म्हणजे ‘बिलाती संगीत’ या प्रकरणात दोघं जण बोलतात, हसू दाबत बसलेला पोरगा आणि त्या हसण्याला कारण पुरवणारा पन्नाशीचा कवी. यांतला कुठला आवाज कुणाचा, हे ओळखणं वाचकावर सोडलेलं आहे.

बंगालीबाहेर हे पुस्तक प्रथम पोचलं ते सुरेंद्रनाथ ठाकुरांच्या इंग्रजी अनुवादातून, १९१७मध्ये. अनुवाद घरातलाच, सफाईदार. पण या प्रकरणात त्या सफाईने नुकसान केलं आहे. इंग्रजीत रवींद्रनाथ म्हणतात की आपल्याकडे जाणकार गाणं ऐकून तृप्त होतो, युरोपात लोक गायकाला ऐकायला जातात. वाक्य टाळीचं आहे. बंगालीत मात्र गायक नाहीच. तिथे फरक आहे ‘गान’ आणि ‘गान-गाओया’ यांच्यात, म्हणजे गाणं आणि ते गाणं म्हणण्याची क्रिया यांच्यात. त्याच्या अलीकडे आणखी एक जोडी आहे: आपण गाणं साधतो, ते गळा साधतात. बंगालीतला ‘गला’ आणि आपला ‘गळा’ एकच, अवयवही आणि आवाजही. इंग्रजीला इथे आवाजाचा शब्द घ्यावा लागला आणि मांस गळून पडलं. क्रियेच्या जागी व्यक्ती आली की सगळा प्रसंग प्रसिद्धीच्या हव्यासावरची तक्रार वाटू लागतो. ती तक्रार रवींद्रनाथांनी केलेली नाही.

सर्कशीचंही तेच झालं. इंग्रजीत, मैफल मला सर्कशीइतकी मजेची वाटली, एवढंच येतं. मूळ बंगालीत ती बाई आपल्या कंठस्वरात सर्कशीचे घोडे हाकते आहे. रिंगण, चाबूक, गोल गोल धावणारं जनावर, आणि हे सगळं गळ्याच्या आत! शिवाय हे साधूभाषेच्या घरंदाज क्रियापदांत लिहिलेलं, त्यामुळे अधिकच हसू येतं. त्या वयात त्यांनी विलायतेहून पाठवलेली पत्रं चलित बोलीत होती. आठवणी सांगताना त्यांनी साधूभाषा घेतली. मराठीत क्रियापदांची अशी जोडी नाही, ‘आहे’ दोन्हीकडे ‘आहे’च राहतं, म्हणून हा विनोद आपल्याला शब्दांच्या निवडीतूनच भागवावा लागेल. उलट तंबोऱ्याच्या वाक्यात मराठीची चैन आहे. आपल्या मैफलीत अर्धा अर्धा तास भर सभेत तानपुऱ्याचे कान पिळतात आणि तबल्यावर हातोडी ठोकतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही, असं ते म्हणतात. इंग्रजीत नुसतं वाद्य लावणं उरलं आहे. कान पिळणं मराठीत जसंच्या तसं येतं.

आता त्या सिद्धांताकडे. मराठीत ‘गान-गाओया’ला ‘गाणं म्हणणं’ चालेल. पण मनात येतो तो शब्द ‘गायकी’, आणि तो आला की घराणी आली, आणि तिथेच रवींद्रनाथांची मांडणी अडखळते. ख्यालाची बंदिश दोन-चार ओळींची. तासभर जे चालतं ते म्हणणंच की! तीच बंदिश अब्दुल करीम खाँ यांच्याकडून ऐकून झाल्यावर माणूस फैयाज खाँ यांच्याकडे कशासाठी जात असे? ‘जीवनस्मृति’ लिहून होत होतं त्याच सुमारास, मार्च १९११मध्ये, ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं. बालगंधर्वांच्या पदाला ‘वन्समोअर’ देऊन नाटकाची गोष्ट खोळंबून ठेवणारा प्रेक्षक नक्की काय ऐकत होता? गळ्याची साधना विलायतेची आणि गाण्याची आपली, ही वाटणी आपल्या मैफलीत टिकत नाही. आवाज बसलेल्या बुजुर्गालाही आपण दाद देतो, उणं राहिलेलं मनाने भरून घेतो, हे त्यांचं निरीक्षण खरंच आहे. उघड्यावाघड्या महादेवाचा दाखलाही इथे चपखल बसतो. पण तिथेही आपण दाद देतो ती त्याच्या म्हणण्यातल्या विचाराला.

मग गाणं मोठं आणि म्हणणं दुय्यम, हे मत कुणाचं? माझ्या मते ब्रायटनच्या विद्यार्थ्याचं नव्हे. ते त्या रचनाकाराचं आहे ज्याची तोवर शेकडो गाणी झाली होती आणि ज्याला आपल्या चालीत कुणी ताना घुसवलेल्या खपत नसत. गायकाला किती मोकळीक द्यावी यावरून पुढे दिलीपकुमार राय यांच्याशी त्यांचा वाद चालला, त्याचं बीज मला या परिच्छेदात दिसतं. पन्नाशीच्या कवीने आपली बाजू ‘आपला देश’ या नावाखाली मांडली, आणि तिला साक्षीदार म्हणून सतराव्या वर्षीचं आपलं हसू उभं केलं.

साक्षीदार मात्र पढवलेला नाही, आणि म्हणून हे प्रकरण मला आवडतं. परदेशी शिकणाऱ्या मुलाच्या आठवणींत पहिल्या मैफलीची एक ठरलेली वाट असते: आधी काही कळत नाही, मग अंगावर काटा येतो, शेवटी डोळे ओले होतात. इथे मुलगा चकित होतो, पण हलत नाही. पक्ष्यांच्या किलबिलीची नक्कल गळ्यातून निघाली तेव्हा त्याला हसू आवरेना. माणसाच्या आवाजाचा हा गैरवापर वाटला. पुरुष गाऊ लागल्यावर हायसं वाटलं. टेनर आवाजात त्याला रक्तमांस सापडलं, बाईचा आवाज देह सोडलेल्या कुणाच्या तरी आक्रोशासारखा वाटला होता. हे का, ते लेखक सांगत नाही. जोडासाँकोच्या घरात त्याच्या कानावर पडलेलं शिक्षण विष्णू चक्रवर्ती आणि यदु भट्ट यांचं, धृपदाच्या पुरुषी आवाजाचं, एवढं लक्षात घेतलं की मला उत्तर मिळतं. दोन संस्कृतींची दारं निराळी असतीलही. त्या दिवशी निराळे होते ते एका मुलाचे कान.

हे कान पुढे बदलले. लहानपणी त्याने अक्षय चौधुरींच्या तोंडून टॉमस मूरच्या आयरिश गीतांचे शब्द ऐकले होते. पुस्तकातलं हार्पचं चित्र पाहून चाली मनातच रचल्या होत्या. विलायतेत खऱ्या चाली ऐकल्या, शिकल्या. गोड होत्या, साध्या होत्या, पण मनातल्या हार्पशी त्यांचा सूर जुळेना. तरी तो त्या गात राहिला. घरी परतून गाऊन दाखवल्यावर मंडळी चकित झाली: रवीच्या गळ्याला हे काय झालं, परका वाटतो! बोलण्याचा आवाजही बदलला, असं त्यांना वाटलं.

वर्षभराने, १८८१मध्ये, जोडासाँकोला ‘वाल्मीकि प्रतिभा’ झालं आणि वाल्मीकीचं काम स्वतः रवींद्रनाथांनी केलं. त्यात दरोडेखोरांच्या दारूच्या गाण्यांना विलायती चाली आहेत. आणि वनदेवींच्या विलापाला, बायकांच्या आक्रोशाला, त्यांनी निवडली ती आयरिश चाल.