पाहण्याचे शिक्षण : गुलाम मोहम्मद शेख यांचा विद्यार्थिदशेतील युरोपप्रवास आणि 'सिटी फॉर सेल'

कलेच्या विद्यार्थ्याने परदेशी जाऊन कलादालने व संग्रहालये पाहावीत, ही अपेक्षा आपल्याकडे नवी नाही. शिष्यवृत्ती मंजूर होते, विद्यार्थी जातो आणि परत आल्यावर अहवाल सादर करतो. अहवालात शहरांची, संग्रहालयांची व चित्रकारांची नावे क्रमाने येतात. काय पाहिले हे त्यातून कळते. पाहताना काय घडले, हे मात्र बहुधा कळत नाही. अहवाल नीट लिहिला गेला नाही म्हणून असे होते, असे मानणे सोपे आहे. परंतु प्रश्न लेखनाचा नसून मुदतीचा असावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पाहण्याचे फळ कोणत्या मुदतीत मिळते? या प्रश्नाच्या अनुषंगाने गुलाम मोहम्मद शेख यांच्या १९६३ ते १९६६ या काळातील लंडनमधील वास्तव्याचा आणि १९८१ ते १९८४ या काळात त्यांनी रंगविलेल्या 'सिटी फॉर सेल' या चित्राचा येथे एकत्रित विचार करावयाचा आहे.

शेख यांचा जन्म १९३७ साली सौराष्ट्रातील सुरेंद्रनगर येथे झाला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत त्यांनी शिक्षण घेतले. नारायण श्रीधर बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे शिक्षक असलेली ही विद्याशाखा त्या वेळी देशातील सर्वांत चैतन्यशील कलाशाळा होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पुढे राष्ट्रकुल शिष्यवृत्तीवर ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. बडोद्यात तोवर त्यांनी कला-इतिहासाचे अध्यापनही केले होते. म्हणजे ते विद्यार्थी होते तसे शिक्षकही होते. संग्रहालयात जाणाऱ्या तरुणाजवळ हे दुहेरीपण असणे महत्त्वाचे ठरते, कारण शिकविणाऱ्याला आपण पाहिलेले दुसऱ्याला सांगावयाचे असते.

रॉयल कॉलेज ऑफ आर्ट आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय ही दोन्ही साऊथ केन्सिंग्टन भागातील. केवळ शेजारी नव्हेत, तर एका मुळाची. १८३७ साली स्थापन झालेल्या सरकारी डिझाइन शाळेपासून पुढे हे कॉलेज घडले आणि दीर्घकाळ ते साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाचेच अंग होते. मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचा (१८५७) अभ्यासक्रम याच साऊथ केन्सिंग्टनच्या घडणीतून आला. लॉकवूड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे तिचे दोन प्रसिद्ध शिक्षक त्याच परिसरात काम करून मुंबईस आलेले होते. तेव्हा भारतीय विद्यार्थी साऊथ केन्सिंग्टनला पोहोचतो, तेव्हा तो अगदीच अनोळखी ठिकाणी जात नाही. आपल्या पाठ्यक्रमाच्या माहेरी जातो.

या माहेरी काय होते? मोगल, राजपूत व पहाडी लघुचित्रांचा मोठा संग्रह होता. आधुनिकतेच्या शोधात लंडनला गेलेल्या शेख यांना तेथे भारतीय लघुचित्रे नव्याने भेटली, ही गोष्ट आता सर्वपरिचित आहे आणि ती सांगताना तिच्यातील विरोधाभासाचे कौतुक करून थांबण्याची पद्धत पडली आहे. ते पुरेसे नाही. लघुचित्रे बडोद्याच्या संग्रहालयातही होती. मग लंडनच का? याचे एक उत्तर असे देता येईल : बडोद्यात त्या काळी विद्यार्थ्यासमोरचा मुख्य प्रश्न युरोपीय आधुनिक चित्रभाषा आत्मसात करण्याचा होता. बेंद्रे यांच्या स्वतःच्या चित्रांतही घनवादाचा प्रयोग चालू होता. त्या वातावरणात लघुचित्र हा 'वारसा' होता. आदराने पाहावयाचा, पण चित्रकाराने वापरावयाचा नव्हे. लंडनमध्ये युरोपीय चित्रकलेचा प्रत्यक्ष, अगदी रोजचा सहवास मिळाल्यावर तिच्याविषयीचे दडपण उतरले आणि मग लघुचित्र हीदेखील एक पर्यायी चित्रभाषा म्हणून पाहता आले. हे अनुमान आहे, याची जाणीव आहे; परंतु नंतरची चित्रे त्याला दुजोरा देतात.

ही चित्रभाषा कोणती, हे एका उदाहरणाने पाहू. याच संग्रहालयात 'अकबरनामा'च्या हस्तलिखितातील ११६ चित्रे आहेत. अवधमध्ये आयुक्त असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या विधवेकडून ती १८९६ साली खरेदी करण्यात आली. त्यात बसावन याच्या आरेखनाचे, दोन पानांवर पसरलेले एक चित्र आहे. १५६१ साली तरुण अकबर 'हवाई' नावाच्या बेफाम हत्तीवर स्वार होऊन दुसऱ्या हत्तीचा पाठलाग करीत यमुनेवरील नावांच्या पुलावर शिरतो, तो प्रसंग. नावा वजनाने दबतात, पाणी उसळते, माणसे सैरावैरा होतात, मागे किल्ला आहे. या चित्राला एकच दृष्टिबिंदू नाही. नदी वरून दिसते, हत्ती समोरून, तट आणखी वेगळ्या कोनातून. प्रेक्षकाने एका जागी उभे राहून डोळा स्थिर ठेवावा, अशी या चित्राची अपेक्षा नाही. त्याने चित्रात हिंडावे, ही अपेक्षा आहे. प्रबोधनकालीन यथार्थदर्शनाने प्रेक्षकाला खिळवून ठेवले. लघुचित्राने त्याला मोकळे सोडले.

हे मोकळेपण युरोपातही एके काळी होते, हे कळण्यासाठी इटलीला जावे लागते. लंडनच्या वास्तव्यात शेख यांनी इटलीतील चित्रे पाहिली आणि त्यांपैकी सिएनाच्या चित्रकारांचे, विशेषतः अँब्रोजो लोरेन्झेत्तीचे, ऋण त्यांच्या कामात उघड दिसते. सिएनाच्या पालाझ्झो पुब्लिकोमध्ये, 'नऊ जणां'चे शासनमंडळ जेथे बसत असे त्या दालनात, लोरेन्झेत्तीने १३३८-३९ साली सुराज्य आणि कुराज्य यांची भित्तिचित्रे रंगविली. सुराज्याचे परिणाम दाखविणारी भिंत सुमारे चौदा मीटर लांब आहे. डाव्या बाजूस नगर आहे : फेर धरून नाचणारे, पादत्राणांचे दुकान, शिष्यांना शिकविणारा गुरू, उंचावर बांधकाम करणारे कामगार. मध्ये वेशीची भिंत आणि तिच्यापलीकडे शेते, टेकड्या, मळणी, शिकारीला निघालेले घोडेस्वार, डुक्कर हाकीत शहराकडे येणारा शेतकरी. वेशीवर आकाशात 'सुरक्षितता' तरंगते आहे. ती पंखधारी आहे, सुंदर आहे आणि तिच्या हातात फाशीचा खांब आहे, त्यावर लटकणाऱ्या माणसासह! सुराज्याच्या या स्तुतिचित्रात चित्रकाराने हा तपशील का ठेवला, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे एवढेच नोंदवू की, नागरी सुखाचे हे चित्र निरागस नाही.

समोरच्या भिंतीवर कुराज्य आहे, शिंगे असलेल्या जुलूमशहासह. त्या भिंतीची फार पडझड झाली आहे. दालनाच्या मध्यभागी उभे राहणाऱ्याला एकीकडून दुसरीकडे मान वळवावी लागते. छायाचित्रातून, स्लाइडमधून किंवा आज संगणकाच्या पडद्यावरून ही दोन्ही चित्रे स्वतंत्रपणे कितीही बारकाईने पाहता येतील; पण त्या दोहोंच्या मध्ये उभे राहणे तेथे गेल्याशिवाय शक्य नाही. संग्रहालये आपले संग्रह महाजालावर खुले करीत असताना प्रवासाची आवश्यकता काय, असा प्रश्न आमच्या महाविद्यालयांतील समित्यांत विचारला जातो. त्याला भावनिक उत्तर देण्याऐवजी हे साधे उत्तर द्यावे : आकारमान आणि स्थान ही चित्राची अंगे आहेत, आणि ती पुनर्मुद्रणात उतरत नाहीत.

आता 'सिटी फॉर सेल'कडे वळू. हे भिंतभर तैलचित्र बडोद्यातील जातीय दंगलींच्या काळातले. त्यात चित्रपटगृह आहे आणि तेथे १९८१ साली प्रदर्शित झालेला 'सिलसिला' चालू आहे. भाजीवाली आहे, भाज्यांनी लादलेली गाडी आहे, काडी पेटविणारी माणसे आहेत आणि त्याच शहरात, त्याच वेळी, दंगल उसळलेली आहे. लघुचित्रातला हिंडणारा डोळा येथे आहे. फरक असा की, लघुचित्र हातात धरून पाहावयाचे असते आणि हे चित्र आपल्याला आत घेते. ते लोरेन्झेत्तीच्या भिंतीच्या मापाने रचलेले आहे. परंतु सिएनाकडून शेख यांनी माप आणि नगराचा विषय घेतला, एवढेच म्हणून भागणार नाही. सिएनामध्ये सुराज्य व कुराज्य समोरासमोरच्या भिंतींवर आहेत. येथे ती दोन्ही एकाच पृष्ठभागावर आली आहेत. मान वळविण्याची सोय राहिलेली नाही. प्रेमकथा पाहणारा प्रेक्षक आणि जळणारा मोहल्ला यांच्यामध्ये वेस नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या चित्राचे सामर्थ्य येथे आहे, आणि प्रभावांच्या चर्चेत नेमके तेच निसटते.

चित्राविषयी एक आक्षेपही नोंदवावयास हवा. शेख यांचा रंगांचा लोभ काही ठिकाणी विषयावर मात करतो. भाजीच्या ढिगाचे नेत्रसुख हिंसेच्या तपशिलाला झाकोळते आणि दंगल हा एका समृद्ध पटाचा भाग बनून जातो. लघुचित्राच्या परंपरेत युद्धही देखणे असते. तो वारसा स्वीकारताना ही किंमत द्यावीच लागते का? याच संदर्भात ठाण्याचे सुधीर पटवर्धन यांची आठवण होते. १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' या प्रदर्शनात ते शेख यांचे सहभागी होते. त्यांच्या नगरचित्रांत रंगांचा असा उत्सव नाही. माणसांचे देह तेथे जड आहेत, आणि म्हणून कदाचित दुःख अधिक थेट पोहोचते. दोन्ही मार्ग वैध आहेत. आमचा कल दुसऱ्याकडे आहे, इतकेच.

हिशेब पाहता, शेख १९६६ साली लंडनचा अभ्यासक्रम पूर्ण करतात आणि 'सिटी फॉर सेल' १९८१ मध्ये आरंभिले जाते. मध्ये पंधरा वर्षे आहेत. या पंधरा वर्षांत ते बडोद्यात कला-इतिहास शिकवीत होते, म्हणजे पाहिलेले पुन्हापुन्हा सांगत होते. १९६७ साली कोणी त्यांच्याकडे प्रवासाच्या फलनिष्पत्तीचा तक्ता मागितला असता, तर त्यात काय भरता आले असते? रझांचे उदाहरण वेगळे दिसते. १९४८ साली काश्मीरमध्ये भेटलेल्या कार्तिए-ब्रेसाँ यांनी सेझानचा अभ्यास करण्यास सुचविले, १९५० साली रझा पॅरिसला गेले आणि १९५६ साली त्यांना तेथील समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. पण रझाही 'बिंदू'पर्यंत पोहोचले ते त्यानंतर खूप उशिरा.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यासाठी साऊथ केन्सिंग्टनमध्ये आणखी एक ऐवज आहे, ज्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. ग्रिफिथ्स आणि मुंबई कलाशाळेचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्यापूर्वी रॉबर्ट गिल याने केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या होत्या. ग्रिफिथ्सच्या प्रतिकृतींपैकीही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. लेण्यांतील मूळ रंगलेपन त्यानंतर अनेक ठिकाणी आणखी ढासळले. म्हणजे अजिंठ्याच्या काही भागांचा अभ्यास करताना एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या विद्यार्थ्यांचे हात हेच आपले साक्षीदार ठरतात, आणि ते साक्षीदार लंडनमध्ये आहेत.

अशा वस्तूंसमोर उभे राहणाऱ्याने त्या तेथे कशा आल्या, हे विचारलेच पाहिजे. टिपूचा वाघ १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतला, हे फलकावरून कळते. 'अकबरनामा' खरेदीने आला. पण अवधमध्ये इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती तो कोणत्या परिस्थितीत गेला, हे फलक पुरते सांगू शकत नाही. संतापाने पाठ फिरविणे आणि कृतज्ञतेने नतमस्तक होणे या दोन्ही प्रतिक्रिया पाहणे थांबवितात.

'सिटी फॉर सेल' आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीचे आहे. लुटीने नव्हे, रीतसर संपादनाने ते तेथे गेले. ज्या संग्रहालयात तरुण शेख लघुचित्रे पाहावयास जात असत, तेथेच त्यांचे चित्र पोहोचले, हे त्यांच्या वाटचालीला साजेसे आहे. मात्र बडोद्याच्या रस्त्याचे हे चित्र प्रत्यक्ष पाहावयाचे, तर बडोद्याच्या विद्यार्थ्याला आता व्हिसा काढून लंडनला जावे लागते. आणि त्या दिवसांत ते भिंतीवर टांगलेले आहे की कोठारात, याची चौकशी निघण्यापूर्वी करून घ्यावी लागते.