औत्सुक्याचा हंगाम : आयोवातील महिला बास्केटबॉल आणि चाहत्यांची प्रतीक्षा

प्रास्ताविक

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेतील आयोवा सिटी येथे आयोवा विद्यापीठ आणि डीपॉल विद्यापीठ यांच्या महिला संघांत बास्केटबॉलचा एक सामना झाला. तो नेहमीच्या बंदिस्त क्रीडागृहात झाला नाही. किनिक स्टेडियम हे अमेरिकन फुटबॉलचे उघडे मैदान. त्यावर कोर्ट अंथरून हा खेळ मांडण्यात आला होता. प्रेक्षकसंख्या ५५,६४६ भरली. महिला बास्केटबॉलच्या कोणत्याही सामन्याला तोपर्यंत एवढी उपस्थिती लाभली नव्हती. आयोवाने सामना ९४-७२ असा जिंकला. केटलिन क्लार्क हिने ३४ गुण, ११ रिबाउंड व १० असिस्ट अशी कामगिरी केली. मात्र तिच्या कारकिर्दीच्या ३,९५१ गुणांच्या अधिकृत बेरजेत हे ३४ गुण सापडत नाहीत, कारण सामना प्रदर्शनीय होता आणि हंगाम सुरू होण्यास अद्याप तीन आठवडे होते.

ज्या सामन्याची जय-पराजयाच्या तक्त्यात नोंदच व्हावयाची नाही, तो पाहण्यासाठी पंचावन्न हजार माणसे का जमावीत, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे. बास्केटबॉलच्या तंत्रावर भाष्य करण्याचा माझा अधिकार नाही. मी मराठी साहित्याची अध्यापक आहे, आणि येऊ घातलेल्या हंगामाकडे डोळे लावून बसलेला चाहता मला वाचकाच्या जवळचा वाटतो. ज्या कृतीचे अजून एकही पान लिहिले गेलेले नाही, ती तो वाचत असतो. तेव्हा या वाचनाची चिकित्सा साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत करता येते का, हे पाहावयाचे आहे.

आरंभ व औत्सुक्य

संस्कृत नाट्यविचाराने कार्याच्या पाच अवस्था मानल्या आहेत : आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. धनंजयाने 'दशरूपका'त आरंभाचे लक्षण सांगताना 'औत्सुक्य' हाच शब्द मध्यवर्ती मानला आहे. फळाविषयीची केवळ उत्सुकता, तिला अजून कृतीची जोड नाही, ही आरंभावस्था होय. हेच औत्सुक्य तेहतीस व्यभिचारी भावांतही मोजले जाते. व्यभिचारी म्हणजे येणारे-जाणारे. ते मुक्कामाला राहात नाहीत. महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या आरंभी सुरू होऊन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपतो. उरलेले सात महिने चाहता औत्सुक्यातच काढतो. येथे एक व्यभिचारी भाव स्थायी होऊ पाहतो, असे म्हणण्याचे धाडस करावेसे वाटते.

अर्थात या परिभाषेला मर्यादा आहेत. नाटकात औत्सुक्य नायकाचे असते आणि प्रेक्षक ते रसरूपाने अनुभवतो. येथे ते थेट प्रेक्षकाचेच आहे. नाटकातील फलागम नाटककाराच्या हाती असतो, खेळाला नाटककार नसतो. या ठिकाणी हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाची 'अपेक्षांचे क्षितिज' ही कल्पना उपयोगी पडते. वाचक नव्या कृतीकडे आधीच्या कृतींनी घडविलेल्या अपेक्षा घेऊन येतो, आणि नवी कृती ते क्षितिज पुरे करते किंवा मोडते. चाहत्यांच्या बाबतीत हे क्षितिज नेमके कशाने घडते, हा पुढचा प्रश्न.

यादी आणि गुडघा

ते प्रामुख्याने एका यादीने घडते. संघाच्या यादीत खेळाडूचे नाव, उंची, खेळण्याची जागा, शिक्षणाचे वर्ष आणि गाव एवढाच मजकूर असतो. बाहेरच्यास तो कोरडा वाटेल. परंतु आयोवाचा चाहता त्यातील 'गाव' हा रकाना ज्या आपुलकीने वाचतो, तिला आपल्याकडे 'कुठले तुम्ही?' या प्रश्नाची उपमा शोभेल. क्लार्क वेस्ट डी मॉइनची, हॅना स्टुल्की सीडर रॅपिड्सची. दोन्ही गावे आयोवा राज्यातलीच. शिक्षणाचे वर्ष हा रकाना कथानकाचा आहे. पहिल्या वर्षाची मुलगी म्हणजे आश्वासन, चौथ्या वर्षाची म्हणजे निरोप. महाविद्यालयीन खेळाचे वैशिष्ट्य असे, की प्रत्येक पात्राच्या निर्गमनाची तारीख प्रवेशाच्याच दिवशी ठरलेली असते. व्यावसायिक खेळात ही करुणा नाही.

यादीत जे लिहिलेले नसते, तेही चाहता वाचतो, आणि त्यात पहिला क्रमांक गुडघ्याचा. गुडघ्याच्या अस्थिबंधाची इजा स्त्री-खेळाडूंत पुरुषांपेक्षा अधिक आढळते. कनेक्टिकट विद्यापीठाची पेज बेकर्स ही २०२१ मध्ये पहिल्याच वर्षी राष्ट्रीय पातळीवरील सर्वोत्तम खेळाडू ठरली. ऑगस्ट २०२२ मधील गुडघ्याच्या इजेने तिचा पुढचा संपूर्ण हंगाम पुसून टाकला. चाहत्यांनी तिच्या आगामी हंगामाची वाट पाहिली ती अशी एकापुढे एक. अखेर एप्रिल २०२५ मध्ये तिच्या संघाने साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असे हरवून विजेतेपद मिळविले. या मधल्या काळाला 'प्राप्त्याशा' हे नाव अगदी चपखल बसते. विघ्नाची शंका आणि फळाची आशा तेथे एकाच वेळी नांदतात.

अलीकडे या यादीचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूस सामान्यतः एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये पहिल्या बदलासाठी ही अट गेली, २०२४ मध्ये बदलांच्या संख्येवरील बंधनही गेले. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व छबीवर पैसे मिळविण्याची मुभा आहे. परिणामी एप्रिल-मे हा काळ भरतीचा बाजार झाला, चाहत्याची निष्ठा आता नुसती जर्सीशी उरली, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. ती मला अर्धीच पटते. लुसी ऑल्सन ही व्हिलानोव्हा विद्यापीठातून एका हंगामासाठी आयोवात आली आणि चाहत्यांनी तिला आपली म्हटले. चार वर्षांच्या कादंबरीची सवय असलेला वाचक कथासंग्रहाकडे वळावा, तसे हे झाले आहे. काही गमावले हे खरे. पण ज्या व्यवस्थेत प्रशिक्षक हवे तेव्हा नोकरी बदलत आणि विद्यार्थिनी मात्र बांधलेली राही, तिच्याविषयी हळवे होण्याचे कारण नाही.

एका नायिकेच्या कथेची उणीव

आयोवातील गर्दीचे स्पष्टीकरण बहुतेक वेळा एका वाक्यात दिले जाते : क्लार्क आली, म्हणून लोक आले. आकडे या विधानाच्या बाजूचे दिसतात. ७ एप्रिल २०२४ च्या अंतिम सामन्यात आयोवा साउथ कॅरोलायनाकडून ७५-८७ असा हरला. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर तो सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. त्याच वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याचा आकडा सुमारे १ कोटी ४८ लाख होता. स्त्रियांचा सामना पुरुषांच्या पुढे जाण्याची ही पहिलीच वेळ. एवढे असूनही हे स्पष्टीकरण मला समीक्षादृष्ट्या सदोष वाटते. महाकाव्यातून नायक उचलून बाकीची सर्गरचना टाकून द्यावी, तसे ते आहे.

३ फेब्रुवारी १९८५ रोजी आयोवाच्या कार्व्हर-हॉकआय क्रीडागृहात ओहायो स्टेटविरुद्धच्या महिला सामन्यास २२,१५७ लोक आले होते. क्रीडागृहाच्या क्षमतेपेक्षा ही संख्या हजारोंनी अधिक होती. तेव्हा व्हिव्हियन स्ट्रिंगर प्रशिक्षक होत्या आणि क्रिस्टीन ग्रँट या विद्यापीठाच्या महिला क्रीडा विभागाच्या संचालक. शिक्षणात लिंगभेदास मनाई करणारा १९७२ चा 'टायटल नाइन' कायदा खेळांना खऱ्या अर्थाने लागू व्हावा, यासाठी ग्रँट यांनी आयुष्य वेचले. त्या दिवशी क्लार्कच्या जन्मास जवळजवळ सतरा वर्षे अवकाश होता.

याच्याही मागे जाता येते. आयोवात मुलींची राज्यस्तरीय शालेय स्पर्धा १९२० पासून खेळली जात होती. प्रदीर्घ काळ तिचे नियम वेगळे होते : प्रत्येक संघात सहा मुली; तिघी आक्रमक, तिघी बचावपटू; मधली रेषा ओलांडण्यास मनाई; चेंडू हाती आला की दोनदाच टप्पा मारण्याची परवानगी. या नियमांचे कुळ थेट १८९२ पर्यंत पोचते. त्या वर्षी सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकविताना कोर्टाचे भाग पाडले, कारण मुलींनी दमू नये, धसमुसळेपणा करू नये, अशी त्या काळची धारणा होती. १८९३ मध्ये तेथे झालेल्या पहिल्या सामन्यास पुरुष प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. स्त्रीदेहाच्या दुर्बलतेवर विश्वास ठेवून जन्मलेल्या या नियमाने पुढे आयोवाच्या शेतीप्रधान गावांत मात्र भलतेच घडविले. लहान लहान शाळांच्या मुली डी मॉइनच्या भव्य सभागृहात खेळू लागल्या आणि त्यांच्यामागे गावेच्या गावे लोटू लागली. १९६८ च्या राज्य अंतिम सामन्यात डेनिस लाँग ही मुलगी ६४ गुण करून जिंकली. हरलेल्या संघातील जनेट ओल्सनने ७६ केले होते. पुढील वर्षी पुरुषांच्या सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स संघाने लाँगची निवड जाहीर केली, ती एनबीएच्या आयुक्तांनी फेटाळली.

सहाजणींचा हा खेळ १९९३ मध्ये कायमचा थांबला. समतेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. अर्ध्या कोर्टावर अडकलेल्या बचावपटू मुलीस आयुष्यात एकदाही बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची संधी मिळत नसे. परंतु त्या खेळाने प्रेक्षक घडविला होता, तो नियमांबरोबर संपला नाही. मे २०२४ मध्ये लिसा ब्लूडर निवृत्त झाल्यावर आयोवाच्या मुख्य प्रशिक्षकपदी आलेल्या जॅन जेन्सन शाळेत हाच सहाजणींचा खेळ खेळल्या होत्या, आणि त्यांची आजीही १९२० च्या दशकात शालेय संघातून खेळली होती. चाहत्यांचे अपेक्षांचे क्षितिज हे एवढे जुने आहे.

मधल्या वर्षांत गर्दी ओसरली होती आणि क्लार्कने ती परत आणली, हे नाकारण्याचे कारण नाही. तिचा पहिला हंगाम, २०२०-२१, कोविडमुळे जवळजवळ रिकाम्या क्रीडागृहांत झाला. त्यानंतरच्या उत्सुकतेत त्या हुकलेल्या वर्षाचाही वाटा असावा. पण कसोटीची वेळ आली ती २०२४ च्या उन्हाळ्यात. क्लार्क गेली, केट मार्टिन व गॅबी मार्शल गेल्या, प्रशिक्षक बदलल्या. तरी २०२४-२५ चे हंगामी पास हंगामापूर्वीच संपले. विरोधी मत असे मांडता येईल, की ही आधीच्या लाटेची ओल होती. २ फेब्रुवारी २०२५ रोजी क्लार्कचा २२ हा क्रमांक सन्मानाने निवृत्त करण्यात आला, तेव्हा लोक तिच्यासाठी आले होते हे उघड आहे. पण कोर्टावर त्या दिवशी आयोवाने बलाढ्य सदर्न कॅलिफोर्नियास ७६-६९ असे हरविले, आणि आयोवाकडून सर्वाधिक गुण केले ते ऑल्सनने. तो हंगाम २३ विजय व ११ पराभवांवर संपला. राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत ओक्लाहोमाने आयोवाचा ९६-६२ असा धुव्वा उडविला. क्षितिज मोडले, आणि एप्रिलमध्ये पुन्हा यादीचे वाचन सुरू झाले.

आपली सूचनाफलकावरील तारीख

हे सारे महाराष्ट्रातील एका महाविद्यालयात बसून लिहिताना मनात एक खंत आहे, ती लपविण्यात अर्थ नाही. पुण्याच्या शिरीन लिमये हिने भारतीय महिला बास्केटबॉल संघाचे कर्णधारपद भूषविले. माझ्या वर्गात तिचे नाव किती जणांना ठाऊक आहे, हे मी विचारून पाहिले, तेव्हा दोन हात वर झाले. त्यांपैकी एक हात आमच्याच महाविद्यालयाच्या मुलींच्या संघातील खेळाडूचा होता. ती संघात आहे, हे मला तोवर माहीत नव्हते. तीन सत्रे ती माझ्या वर्गात बसत होती, आणि तिच्या अनुपस्थितीच्या खुणा मी निमूटपणे हजेरीपटावर करीत होते.

आपल्याकडे स्त्रियांच्या खेळास प्रेक्षकच नाही, असे जिमखान्याच्या बैठकांतून म्हटले जाते, जणू प्रेक्षक ही हवामानासारखी निसर्गाची देणगी असावी. औत्सुक्याला विभाव लागतो, कारण लागते. आयोवातील चाहत्यास हंगामाच्या कितीतरी आधी वेळापत्रक, खेळाडूंची नावे, त्यांची गावे माहीत असतात. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तारीख बहुधा चार-पाच दिवस आधी सूचनाफलकावर लागते, संघाची निवडही त्याच सुमारास होते, आणि सामने अभ्यासिका बंद होण्याच्या वेळी कुठल्यातरी दुसऱ्याच महाविद्यालयाच्या मैदानावर होतात. ज्याचा आरंभच कुणाला ठाऊक नाही, त्याविषयी उत्सुकता वाटावी कशी?

येथे आयोवाचे अनुकरण सुचवावयाचे नाही. तेथील पैसा, दूरचित्रवाणी आणि विद्यापीठीय खेळाची रचना आपल्याकडे नाही, आणि त्यातील बाजारूपण आपल्याला नकोही आहे. मात्र १९२० च्या दशकातील आयोवाच्या त्या लहान शाळांकडेही यांतील काही नव्हते. त्यांच्याजवळ ठरलेली तारीख होती, खेळाडूंची नावे होती आणि सामन्याला येणारे गाव होते. पुढील सत्रापासून आमच्या मुलींच्या संघाची यादी, नाव व गाव यांसह, जुलैमध्येच फलकावर लावावी, असा अर्ज मी जिमखाना समितीकडे दिला आहे. उंचीचा रकाना ठेवू नये, अशी संघातील मुलींची सूचना आहे. ती अर्जात नोंदविली आहे.