ओवाळणी आणि हक्क

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्याकडे जागांची बेरीज-वजाबाकी सुरू होते. ज्या भाषेने तो निकाल घडविला तिची चिकित्सा मात्र होत नाही. आसगावसारख्या ठिकाणी भाषा आणि साहित्य शिकविणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला ही चिकित्सा अगत्याची वाटते.

जून २०२४ मध्ये महायुतीला लोकसभेच्या ४८ पैकी अवघ्या १७ जागा मिळाल्या. संविधान बदलले जाईल ही शंका वस्तीवस्तीत पोचली होती. भंडारा-गोंदियाची जागाही काँग्रेसकडे गेली. नोव्हेंबरात तीच महायुती विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा जिंकून आली. आमचा पवनी तालुका ज्यात येतो तो अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला भंडारा मतदारसंघ शिंदे यांच्या शिवसेनेने जिंकला. या उलथापालथीची कारणे अनेक आहेत. पण ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना हे त्यांतले एक मोठे कारण होते, हे नाकारता येत नाही.

योजना जाहीर झाली जून २०२४ च्या अखेरीस. २१ ते ६५ वयाच्या, वार्षिक अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील स्त्रीला दरमहा १५०० रुपये. परंतु पक्षांना उभारी मिळाली ती केवळ पैसे वाटल्याने नव्हे, तर योजनेच्या बचावाने. विरोधकांनी तिजोरीवरचा बोजा दाखविला. तिच्याविरुद्धची याचिका ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. प्रत्येक आक्षेपाचे सत्ताधाऱ्यांनी भांडवल केले : आम्ही देतो, ते बंद पाडतील. पक्षाचा बचाव आणि बाईचा बचाव एकच होऊन बसला. शेवटी विरोधकांनीही ३००० रुपयांचे आश्वासन दिले. म्हणजे त्यांनी रक्कम बदलली. भाषा बदलली नाही.

या योजनेला ‘रेवडी’ म्हणून हिणविणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून राहणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खात्यात दीड हजार रुपये पडतात, ही क्षुल्लक गोष्ट नाही. माझी आई आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधीत राबली. तिच्या नावाने कधी कोठून पैसा आला नाही. महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्यांनी अशा बाईला फुकटी ठरविणे हा निव्वळ वर्गजातीचा उद्दामपणा आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. ‘लाडकी’, ‘भाऊ’, ‘ओवाळणी’ ही शब्दयोजना निरागस नाही. ओवाळणीवर बहिणीला दावा सांगता येत नाही. भाऊ देईल ते घ्यावे आणि त्याला ओवाळावे, एवढाच तिचा अधिकार. ऑगस्ट २०२४ मध्येच अमरावतीत सत्ताधाऱ्यांच्या बाजूच्या एका आमदाराने आशीर्वाद न मिळाल्यास पैसे परत घेण्याची भाषा केली, आणि मागाहून ती गंमत होती म्हणून सांगितले. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याबाबत अशी गंमत करता आली नसती. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता, असे तिथे लिहिलेले होते. अंमलबजावणी अपुरी असेल, पण मजूर तिथे मागणारा नव्हता, दावेदार होता. उलट निवडणुकीत बोललेले २१०० रुपये मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात आले नाहीत, आणि त्यासाठी कोणत्याही बहिणीला कोठे दाद मागता आली नाही.

आता आपल्या घरातला प्रश्न. मे २०२५ मध्ये खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच आपल्या खात्याचा निधी वळविल्याची जाहीर तक्रार केली. सामाजिक न्यायाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकासाचे ३३५ कोटी ७० लाख या योजनेकडे गेले होते. लाभार्थींत दलित-आदिवासी स्त्रियाही आहेत, असे समर्थन झाले. पण जो लाभ सर्वांना मिळतो तो त्यांनाही नागरिक म्हणून मिळायला हवा. वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांसाठीचा पैसा मोडून नव्हे. एका हाताने आईला ओवाळणी द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिच्या लेकीच्या शिक्षणाच्या वाट्याला हात घालायचा, हा तो व्यवहार. कर्नाटकात काँग्रेस सरकारनेही हमी योजनांसाठी उपयोजनेचा निधी वापरला, आणि तिथे तर २०१३ पासून उपयोजनेचा कायदा आहे. तेव्हा हा एका पक्षाचा दोष नाही, आणि केवळ कायद्याने तो आवरतही नाही.

कार्यक्रमाने पक्षाला बळ येते हे आपल्या चळवळीला नवे नाही. फुटीने खिळखिळा झालेला रिपब्लिकन पक्ष १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली पुन्हा उभा राहिला. लाखो माणसे, त्यांत असंख्य बाया, तुरुंगात गेली. त्यांनी जमीन हक्क म्हणून मागितली. मतांच्या गणितात तो कार्यक्रम टिकला नाही, हे खरे. परंतु १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पराभूत करणाऱ्या भंडाऱ्याने तरी मतांवरून विचाराचे मोल करू नये.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे : योजनेला विरोध करू नका, तिची भाषा बदला. दीड हजारांना कायद्याचा आधार मागा, अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा न वळविण्याचा कायदा महाराष्ट्रात मागा, आणि तो झाल्यावरही दरवर्षी अर्थसंकल्पाचे आकडे बायांच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवा.