नकाशावरचा ठिपका कितपत खरा?

हौशी रेडिओचालकांनी उभारलेली 'एपीआरएस' ही स्थान कळवण्याची पद्धती शाळांना फार उपयोगी आहे, असे आम्हांला वाटते. मात्र ती ज्या रूपात विद्यार्थ्यांपुढे येते, म्हणजे इंटरनेटवरील नकाशाच्या रूपात, त्यात काही गंभीर उणिवा आहेत. त्यांची चर्चा येथे करू.

अमेरिकी नौदल अकादमीतील बॉब ब्रुनिंगा यांनी ही पद्धती घडवली. मोटारीतील वा फुग्यावरील प्रक्षेपक आपले अक्षांश-रेखांश एका छोट्या संदेशात ध्वनीच्या दोन सुरांनी पाठवतो. तो ऐकणारे एखादे केंद्र इंटरनेटला जोडलेले असेल, तर संदेश जगभर पोहोचतो आणि नकाशावर ठिपका उमटतो.

हिचा मोठा गुण म्हणजे संदेशाची रचना उघड आहे. हिंजवडीजवळच्या एका बिंदूचे अक्षांश त्यात १८३५.४० असे लिहिले जातील. म्हणजे १८ अंश ३५.४० मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट सुमारे १८५२ मीटर, तेव्हा शेवटचा आकडा एकाने बदलला तर जागा साडेअठरा मीटर सरकते. भूगोल आणि गणित यांची अशी सांगड पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडते.

आता उणिवा पाहू. पहिली ही की, ग्राहक केंद्रानेच जागा शोधली, असा नकाशा पाहणाऱ्याचा समज होतो. वस्तुतः केंद्र काहीच मोजत नाही. प्रक्षेपकाने स्वतःविषयी जे सांगितले तेच ते पुढे देते. प्रक्षेपकाच्या जीपीएसने जुनीच जागा धरून ठेवली असेल, तर चुकीचा ठिपकाही तितक्याच ठामपणे दिसतो.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. एकच संदेश चार केंद्रांनी ऐकला, तर इंटरनेटवरील जाळे पहिली प्रत ठेवून बाकीच्या गाळते. नकाशा त्यामुळे स्वच्छ दिसतो. पण रेडिओलहरी कोठवर पोहोचल्या, हा विज्ञानाचा खरा पुरावा नाहीसा होतो. शिवाय ठिपका नाही म्हणजे प्रक्षेपक नाही, असेही नव्हे. संदेश पोहोचल्याची पोच स्थानसंदेशाला मिळत नाही.

हिंजवडीत इंटरनेटची वाण नाही, परंतु रेडिओचे नियम तेथेही तेच आहेत. दहा मीटर उंचीवरील अँटेनाचे रेडिओ-क्षितिज सपाट जमिनीवर सुमारे १३ किलोमीटर असते. चाकण तर सरळ रेषेत वीस किलोमीटरांहून दूर! याउलट १ एप्रिल २०१९ रोजी पीएसएलव्ही-सी४५ चा चौथा टप्पा सुमारे ४८५ किलोमीटर उंचीच्या कक्षेत ठेवला गेला. त्यावर ॲमसॅट इंडियाचे एपीआरएस पुनःप्रक्षेपण यंत्र होते. त्या उंचीवरून क्षितिज सुमारे २४०० किलोमीटरांवर जाते. उंचीचे हे महत्त्व नकाशातील ठिपक्यांवरून उमगत नाही. स्वतः ऐकल्यावर उमगते.

आणखी एक गोष्ट. ही पद्धती केवळ वाहनांच्या मागावर राहण्यासाठी नाही, परिसरातील लोकांना एकमेकांशी दुतर्फा माहिती देता यावी यासाठी आहे, असे ब्रुनिंगा आग्रहाने सांगत. पुरात वा भूकंपात इंटरनेट बंद पडले, तर रेडिओ चालू राहील, पण नकाशा थांबेल. ज्याने नकाशाच पाहिला, त्याच्या हाती तेव्हा काहीच उरणार नाही.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना अशी : नकाशा जरूर दाखवावा, पण शेवटी. प्रक्षेपणाला सरकारी परवाना लागतो, तेव्हा परवानाधारक हौशी चालकाला शाळेत बोलवावे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक या कामासाठी १४५.८२५ मेगाहर्ट्झ वापरते; ते डोक्यावरून जाताना त्या दहा मिनिटांत काय ऐकू आले, याची नोंद मुलांनी वहीत करावी. मग ती नकाशाशी ताडून पाहावी. दोन्हींत जो फरक पडेल, तोच त्या दिवसाचा धडा.