सुटणारी गाडी, बंद खोका

लेगोचा एक ठोकळा दुसऱ्यावर दाबला की ‘टक्’ आवाज येतो आणि दोघं एकमेकांना धरून बसतात. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या या कंपनीचा सगळा डोलारा त्या पकडीवर उभा आहे. २८ जानेवारी १९५८ रोजी गॉडफ्रेड कर्क क्रिस्टियनसन यांनी ज्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याची खुबी पोटातल्या पोकळ नळ्यांमध्ये होती. खालच्या ठोकळ्याचे गोल खुंट वरच्याच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये दाबून बसतात. घर्षणामुळे जोड सुटत नाही, आणि लहान मुलाच्या बोटांनी मात्र सोडवता येतो. १९५८चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर तितक्याच मुकाट्याने बसतो.

ज्या खेळण्याची सारी हयात धरून ठेवण्यात गेली, त्याने जत्रा उभी करायची म्हटली की पंचाईत होते. जत्रेत जे काही आहे ते गरगरतं, घसरतं नाहीतर धाडकन खाली येतं. लेगोने ही पंचाईत हौसेने ओढवून घेतली. २००९ मध्ये ३,२६३ तुकड्यांचं ‘ग्रँड कॅरोसेल’ आलं, तेव्हा ते एकटंच होतं. २०१४च्या ‘फेअरग्राउंड मिक्सर’पासून मात्र मालिका सलग सुरू झाली. २०१५ मध्ये बारा पाळण्यांचा आकाशपाळणा आला, २०१७ मध्ये नवं मेरी-गो-राउंड, २०१८ मध्ये रोलर कोस्टर, २०२० मध्ये ‘हाँटेड हाउस’ आणि २०२२ मध्ये ‘लूप कोस्टर’. संग्राहकांच्या जगात हे सेट आज दोन प्रकारे वाचले जातात. कुणी खोका फोडून जत्रा मांडतं, तर कुणी खोका न फोडता माळ्यावर ठेवतं आणि भाव चढायची वाट बघतं. या दोन वाचनांचा एकमेकांशी काय हिशेब आहे ते पाहायचं, तर मालिकेतला सगळ्यात सकस सेट आधी नीट वाचायला हवा. माझ्या मते तो २०१८चा, १०२६१ क्रमांकाचा रोलर कोस्टर.

तुकडे ४,१२४. जोडून झाल्यावर लांबी ८८ सेंमी, खोली ४१ आणि उंची ५३. लाल रूळ, पांढरे खांब. घरातलं जेवणाचं टेबल जवळजवळ अर्धं व्यापेल असा ऐवज. पण पहिल्या नजरेत भरते ती त्याची मोकळी चण. लेगोचे मोठे सेट सहसा भरीव असतात: किल्ले, इमारती, जहाजं. इथे भिंत म्हणावी असं जवळजवळ काही नाही. खांब, तिरके आधार आणि त्यांच्यातून आरपार दिसणारी हवा. खरा रोलर कोस्टरही लांबून असाच दिसतो, बांधकाम अर्ध्यात थांबल्यासारखा. हजारो तुकडे वापरून पोकळी उभी करणं हे या रचनेचं पहिलं यश.

खाली, जमिनीच्या पातळीवर, मात्र गजबज आहे. तिकीटघर आहे, ‘म्हातारीचे केस’ विकणारी गाडी आहे, छोटंसं तळं आहे. अकरा माणसांत मजा करायला आलेले आहेत तसे जत्रा चालवणारेही आहेत. आणि एक फलक आहे, त्यावर उंचीची खूण. या उंचीपेक्षा लहान असाल तर गाडीत बसायचं नाही. लेगोच्या जगात मूल आणि मोठं माणूस यांच्यातला फरक मुख्यतः पायांचा असतो. मुलांना आखूड, न वाकणारे पाय. मोठ्यांना कमरेत काटकोनात वाकणारे. त्यामुळे हा फलक म्हणजे लेगोने स्वतःच्याच शरीररचनेची केलेली थट्टा आहे. फलकाशेजारी आखूड पायांचं पोर उभं करून बघा. चेहरा कायमचा हसरा छापलेला, आणि प्रवेश नाकारलेला. एवढ्याशा प्लास्टिकमध्ये एक पूर्ण गोष्ट मावली आहे.

आता गाडी. दोन गाड्या, प्रत्येकीला तीन डबे, आणि डब्यात बसलेल्याच्या मांडीवर येणारा, खरोखर हलणारा आडवा दांडा. दांडा खाली करायचा, गाडी पुढे सरकवायची. उंच चढाच्या पायथ्याशी साखळी तिची वाट पाहत असते. ही साखळी एकेक कडी दुसरीत अडकवून आपणच बनवायची असते. सगळ्या कड्या एकसारख्या, काम कंटाळवाणं, बोटं दुखवणारं. पुस्तिकेतली ही पानं अनेकांना नकोशी वाटतात. मला ती या सेटच्या गद्याचा कणा वाटतात. कारण बाजूचा दांडा फिरवू लागलो की तीच साखळी गाडीला पोटाखाली पकडते आणि एकेक कडीच्या हिशेबाने वर नेते. वर जाण्याचे कष्ट आपण आधीच, कड्या जोडताना, भोगलेले असतात.

चढाच्या माथ्यावर साखळी गाडीला सोडते, आणि या सेटचा अर्थ तिथे उघड होतो. लेगोच्या बहुतेक चालत्या सेटमध्ये हात थांबला की खेळ थांबतो. याच मालिकेतला आकाशपाळणा घ्या: दांडा फिरेल तितकाच फिरणार. मेरी-गो-राउंडवरचे हत्ती, वाघ, हंस, बेडूक आणि फ्लेमिंगो फिरता फिरता मोहक वरखाली होतात, पण तेही हाताच्या हुकमाने. रोलर कोस्टरमध्ये माथ्यानंतर हाताचं काम संपतं. पुढचं सगळं गुरुत्वाकर्षणाकडे. पहिला उतार सगळ्यात उंच, पुढची प्रत्येक टेकडी त्याहून ठेंगणी. कारण वाटेत घर्षण आपला वाटा कापून घेत असतं आणि उरलेल्या वेगात गाडीला फलाटापर्यंत पोचायचं असतं. कोपनहेगनच्या टिव्होली बागेत १९१४चा लाकडी रोलर कोस्टर अजून चालतो, आणि त्यात ब्रेक धरायला एक माणूस गाडीवरच बसतो. इथे असा माणूस नाही. चढउतारांची आखणी हाच इथला लगाम.

ज्या घर्षणावर लेगोचा संसार चालतो, ते इथे शत्रुपक्षात आहे. खांबाच्या जोडांना ते हवं, रुळांवर ते नको. म्हणून रुळांसाठी वेगळे, एकसंध ओतलेले, पाठीवर खुंट नसलेले तुकडे घडवावे लागले. ते पहिल्यांदा दिसले २०१७च्या अखेरीस आलेल्या ‘जोकर मॅनॉर’ या बॅटमनच्या सेटमध्ये, आणि त्यांचं चीज झालं या रोलर कोस्टरमध्ये. एखादा रूळ पूर्ण दाबला गेला नसेल, सांध्यात केसाएवढी पायरी राहिली असेल, तर गाडी तिथे अडखळते आणि निमूट मागे घरंगळते. म्हणजे सोडून द्यायचं तर आधी घट्ट धरलेलं असावं लागतं. खांबांची पकड जितकी पक्की तितकी गाडी मोकळी. एकाच वस्तूत ही दोन टोकं इतक्या प्रामाणिकपणे शेजारी ठेवलेली लेगोत मला इतरत्र दिसली नाहीत.

२०२२च्या ‘लूप कोस्टर’ने पुढची उडी मारली. तुकडे ३,७५६ म्हणजे कमी, पण उंची ९२ सेंमी, आणि वाटेत दोन पूर्ण उभे वेढे. ही उंची मिरवण्यापुरती नाही. गोल वेढ्याच्या टोकावर गाडी उलटी असताना पडू नये, तर घर्षण शून्य धरलं तरी ती वेढ्याच्या त्रिज्येच्या किमान अडीचपट उंचीवरून सुटायला हवी. घर्षण धरलं की आणखी वर. त्यामुळे साखळीच्या जागी इथे उंच मनोरा आणि लिफ्ट आली. खऱ्या जगातही वेढ्याने माणसांना बराच काळ छळलं. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ सुरू झाला, त्याचा वेढा पुरता गोल होता आणि लोकांच्या माना अवघडत. पाण्याच्या थेंबासारखा, वर निमुळता वेढा घेणारा आधुनिक कोस्टर कॅलिफोर्नियात यायला १९७६ उजाडलं. लूप कोस्टर थरारक आहे, धाडसी आहे. पण त्याचा सगळा जीव एका करामतीत आहे. रोलर कोस्टरच्या पायथ्याशी जी माणसांची वस्ती वाचायला मिळते, ती इथे दुय्यम होते.

मालिकेतल्या आणखी दोघांचा उल्लेख हवाच. ‘मिक्सर’ला ट्रक आहेत: पाळणे दुमडायचे, ट्रकवर चढवायचे आणि पुढच्या गावाला निघायचं. जत्रा ही उठण्यासाठीच बसते, हे ओळखणारा मालिकेतला हा एकटा सेट. ‘हाँटेड हाउस’ला वरून धाडकन खाली येणारी लिफ्ट आहे, आणि घराचा मालक आहे बॅरन फॉन बॅरन, म्हणजे १९९८ मध्ये सुरू झालेल्या लेगोच्याच ‘ॲडव्हेंचरर्स’ मालिकेतला खलनायक. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर २०२० मध्ये बत्तीस वर्षांचं, पगारदार होतं. खोक्यावर ‘१८+’ छापलेलं होतं ते उगाच नव्हे.

आणि इथून आपण पैशांकडे वळतो. लेगोचा सेट काही वर्षं विक्रीत राहतो आणि मग बंद होतो. संग्राहकांच्या भाषेत ‘रिटायर’ होतो. त्यानंतर मिळेल तो फक्त दुसऱ्याच्या घरातून. २००० मध्ये सुरू झालेला आणि २०१९ मध्ये खुद्द लेगोनेच विकत घेतलेला ‘ब्रिकलिंक’ हा या व्यवहाराचा मोठा बाजार. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या व्हिक्टोरिया डोब्रिन्स्काया आणि यूलिया किशिलोवा यांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या २,३२२ सेटचे भाव तपासले. दुय्यम बाजारात सरासरी परतावा वर्षाला सुमारे ११ टक्के निघाला. हा आकडा ऐकून अनेकांचे डोळे चमकले. त्याच अभ्यासात सेटगणिक परताव्यातली तफावत प्रचंड होती, कित्येक सेट तोट्यातही होते, हे मात्र चर्चेत मागे पडलं.

जत्रेच्या सेटना या बाजारात मान आहे, त्याला कारणं आहेत. एकतर ते कुठल्याही सिनेमाच्या कुबड्या घेत नाहीत. आकाशपाळणा म्हणजे काय हे कुणालाही सांगावं लागत नाही. दुसरं, मालिका लागते. उरलेले पाच असले की सहावा घेतल्याशिवाय चैन पडत नाही, आणि विकणाऱ्याला ते पुरतं ठाऊक असतं. तिसरं, सुरुवातीच्या सेटच्या माफक मूळ किमती. अमेरिकेतल्या छापील किमतीने मेरी-गो-राउंड २०० डॉलर, म्हणजे तुकड्यामागे साडेसात सेंट. रोलर कोस्टर ३८० डॉलर, तुकड्यामागे नऊ सेंटच्या वर. लूप कोस्टर ४०० डॉलर, तुकड्यामागे साडेदहा सेंटच्या पुढे. पण प्रवेशशुल्कच जिथे असं चढत गेलं, तिथे पुढच्या चढाला जागा कमी राहते.

धोकाही ठळक आहे. २००८ साली आलेला ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल रिटायर झाल्यावर संग्राहकांचं सोनं झाला होता. २०१७ मध्ये लेगोने तोच ताजमहाल, फक्त एक तुकडा वाढवून, नव्या क्रमांकाने पुन्हा बाजारात आणला, आणि सीलबंद जुन्या खोक्यांचा भाव घसरला. कंपनी कुणाच्या गुंतवणुकीला बांधलेली नाही. मेरी-गो-राउंड तर तिने एकदा सोडून दुसऱ्यांदा, नव्या आराखड्याने काढलंच आहे.

आपल्याकडच्या हौशींना आणखी दोन हिशेब धरावे लागतात. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हही सक्तीचं झालं. म्हणजे खरेदीलाच भाव चढलेला. दुसरा हिशेब हवेचा. मुंबई-कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत पुठ्ठा फुगतो, कोपरे मऊ पडतात, आत स्टिकरचा कागद वळतो. सीलबंद खोक्याची किंमत त्याच्या कोऱ्या कोपऱ्यांत असते. सिलिका जेलच्या पुड्या, जमिनीपासून उंच फळी आणि उन्हापासून दूर जागा, हे सगळं त्या ११ टक्क्यांतून वजा होतं. रोलर कोस्टरच्या खोक्याएवढी जागा महानगरातल्या घरात फुकट नसते, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यात मोठा हिशेब मात्र खोक्याबाहेर आहे. सीलबंद सेट दुर्मिळ का होतो? कारण बाकीच्यांनी आपापले फोडले. प्रत्येकाने धरून ठेवले असते तर माळे भरले असते आणि भाव वाढलाच नसता. ज्याने खोका फोडून साखळीच्या कड्या जोडल्या, पोराला फलाटावर उभं केलं, गाडी हजारदा सोडली, त्याच्याच खेळावर माळ्यावरच्या खोक्याचा नफा पोसला जातो. ज्याला तो सेट हवासा वाटतो तोही कुणाकडे तरी चालताना पाहूनच. धरून ठेवणाऱ्याचं भांडवल सोडून देणाऱ्याने पुरवलेलं असतं. खांब आणि गाडी यांच्यात जे नातं आहे, तेच या दोन संग्राहकांत आहे, आणि त्यात कुणी कुणाला हिणवायचं कारण नाही.

तरीही निवड करायचीच झाली तर मी फोडणाऱ्याच्या बाजूने उभा राहीन, आणि त्याला भावनेइतकंच व्यवहाराचं कारण आहे. फोडलेला सेट कवडीमोल होत नाही. तुकडे पूर्ण, पुस्तिका शाबूत आणि माणसं हरवलेली नसली तर रिटायर झालेल्या जत्रेला वापरलेल्या अवस्थेतही गिऱ्हाईक असतं; सीलबंद आणि फोडलेला यांच्या भावातला फरक हीच काय ती खेळण्याची फी. जत्रेत तिकीट काढल्याशिवाय कुणी पाळण्यात बसू देत नाही. इथे तिकीट थोडं महाग आहे, पण फेऱ्या हव्या तितक्या मारता येतात. पैसे वसूल.