तिरप्या अक्षराचा आग्रह

अक्षर हे केवळ अर्थाचे भांडे आहे, भांड्याच्या आकाराने दुधाची चव बदलत नाही, असे मत सुशिक्षित समाजात सरसकट ऐकू येते. आम्हीही ते बरीच वर्षे बाळगून होतो. राजधानीतील एका केंद्रीय कचेरीत टिपणे आणि परिपत्रके तयार करण्यात आमचा दिवस जातो. एकदा कर्मचाऱ्यांनी आपले पत्ते पुन्हा नोंदवावेत, अशी साधी विनंती फलकावर लावावयाची होती. ती लक्षात यावी म्हणून आम्ही संगणकावर अक्षरे जाड केली, तिरपी केली आणि वर तांबडा रंग दिला. निवृत्तीस आलेला आमचा एक शिपाई त्या कागदापुढे थबकला आणि साहेब कोणावर रागावले आहेत, असे त्याने आम्हांस हळूच विचारले. शब्दांत राग नव्हता. तो अक्षरांत होता. त्या दिवसापासून या जाड तिरप्या टाइपाचा विचार आमच्या मागे लागला.

या जातीचे सर्वांत प्रसिद्ध अक्षर म्हणजे ‘फ्युचुरा’चा जाड तिरपा अवतार. मूळ फ्युचुरा पाउल रेनर या जर्मन कलावंताने रेखिला आणि १९२७ साली फ्रँकफुर्टच्या बाउअर ओतशाळेने तो बाजारात आणला. टोकांच्या शेपट्या गाळलेल्या. वर्तुळ, त्रिकोण आणि सरळ रेषा एवढेच भांडवल. तथापि ही भूमिती दिसते तितकी कोरडी नाही. जेथे वाटोळा भाग उभ्या दांड्यास भेटतो तेथे रेषा किंचित बारीक केली आहे. कारण डोळ्यास जे सारखे वाटते ते मोजपट्टीवर सारखे नसते, हे रेनरला ठाऊक होते. या अक्षराचा मूळ स्वभाव शांत आहे. १९६९ साली चंद्रावर ठेवलेल्या मानवाच्या पहिल्या पाटीवरील मजकूर याच वळणात आहे, आणि तेथे तो शोभतो.

तोच टाइप जाड करून उजवीकडे कलविला की स्वभाव पालटतो. युरोपातील तिरप्या अक्षराचा मूळ वंश निराळा आहे. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने १५०१ साली व्हर्जिलची काव्ये ज्या तिरप्या टाइपात छापली तो फ्रांचेस्को ग्रिफोने कोरला होता, आणि त्याचा उगम विद्वानांच्या भरधाव हस्ताक्षरात होता. त्या कलण्यात हाताची लय आहे. फ्युचुराचे तिरपे अक्षर हस्ताक्षरातून आलेले नाही. उभे अक्षरच एका अंगाला ढकलले आहे. त्यात लय नाही, रेटा आहे. जाडीमुळे अक्षरांच्या पोटातील पांढरी जागा आक्रसते आणि वाचणाराला श्वास घ्यावयास उसंत उरत नाही.

हा रेटा ओळखून त्याचा कलेत उपयोग केला तो बार्बरा क्रूगर या अमेरिकन चित्रकर्तीने. मासिकांच्या सजावटीची नोकरी केल्यामुळे जाहिरातीची भाषा तिला आतून ठाऊक होती. कृष्णधवल छायाचित्र, त्यावर तांबडी पट्टी, पट्टीत पांढरी जाड तिरपी अक्षरे, ही तिची रीत. १९८७ च्या एका चित्रात हातातील तांबडे पत्रक देकार्तच्या वचनाला मुरड घालून सांगते की, खरेदी हाच आता अस्तित्वाचा पुरावा. १९८९ साली वॉशिंग्टनमधील स्त्रियांच्या मोर्चासाठी केलेल्या भित्तिपत्रकात स्त्रीचे शरीर ही रणभूमी आहे, असे ती बजावते. हुकुमाचेच अक्षर घेऊन हुकुमाची झडती घेणे, हे तिचे खरे यश. तिच्या वाक्यांतील ‘तू’ कोण आणि ‘मी’ कोण, हे ठरविण्याचे काम ती पाहणारावर टाकते. म्हणून ते अक्षर दरडावीत असूनही आपण दबत नाही, विचारात पडतो.

तरीही एक उणीव सांगितली पाहिजे. प्रत्येक प्रश्न त्याच आवाजात विचारला की आवाजच लक्षात राहतो, प्रश्न विसरतो. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या ‘सुप्रीम’ या कपड्यांच्या दुकानाने तीच तांबडी पट्टी आणि तेच कलते अक्षर आपल्या नाममुद्रेसाठी घेतले. खरेदीची थट्टा करणारे अक्षर खरेदीच्या रांगेचे निशाण झाले. २०१७ मध्ये क्रूगरने स्वतःच तात्पुरते दुकान मांडून, कपडे आणि स्केटबोर्ड विकून त्याला उत्तर दिले. उत्तर चतुर होते. पण टीकेलाही दुकान थाटावे लागले, यातच टाइपाचा विजय आणि कलेची मर्यादा दोन्ही दिसतात.

आता आपल्या घरचे पाहू. देवनागरी यंत्राने कलविली की शिरोरेषा आडवीच राहते आणि काने मात्र झुकतात. दोरीवरचे कपडे वाऱ्याने एका अंगास जावेत तशी ओळ दिसते. आपल्याकडे घाईच्या लेखनाला मोडी होती आणि सावकाशीला बाळबोध. तिरप्या अक्षराचा खरा मराठी वंश शोधावयाचा तर तो दफ्तरातील कारकुनांच्या मोडीत शोधावा लागेल, संगणकाच्या कळीत नव्हे. शिवाय मराठीला जोर देण्यासाठी अक्षर वाकविण्याची निकड नाही. ‘मी येईन’ आणि ‘मी येईनच’ यांतील अंतर एका ‘च’ने पडते. जो जोर वाक्यात आणता येत नाही तो आपण टाइपाकडून उसना घेतो, आणि उसन्या जोराला ओरडण्याचा सूर येतोच.

अर्थात, जाड तिरपे अक्षर टाकाऊ आहे, असा आमचा निष्कर्ष नाही. रेल्वेच्या फाटकावर धोक्याची सूचना ओरडलीच पाहिजे. परंतु पत्ता विचारणारा कागद ओरडू लागला, तर खऱ्या धोक्याच्या वेळी आपल्याजवळ कोणता आवाज शिल्लक राहील? क्रूगरने हा आवाज जाणून वापरला. आम्ही तो न जाणता वापरला. ती विनंती आम्ही दुसऱ्या दिवशी साध्या उभ्या अक्षरांत पुन्हा लावली आणि शेवटी ‘कृपया’ हा शब्द जोडला. पत्ते आले. शिपाई त्या कागदापुढे पुन्हा थांबला नाही, आणि ही आमच्या मते त्या कागदाची प्रशंसाच होती.